अव्वांना आठवत नाही, हातांना आठवतं

गेल्या अंकात 'मेंदू आणि आठवण यावर काही विचारायचं असेल तर विचारा' असं सहज लिहून बसलो आणि टपाल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतकं आलं की निम्मं अजून वाचायचंय. जे प्रश्न फिरून फिरून आले त्यातले सहा घेतलेत. मी डॉक्टर नाही, कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलंय, तेव्हा गोळ्यांची नावं मला विचारू नका.

प्रश्न: माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतो. चाळीस वर्षं बिड्या वळल्या त्यांनी. दोन वर्षांपासून विसरायला लागल्यात. जेवून हात धुतले की पाच मिनिटांत 'मला जेवायला कधी देणार' विचारतात, नातवाला दिराच्या नावाने हाक मारतात. पण परवा शेजारणीचं सूप मांडीवर ओढलं आणि गप्पा मारत मारत पंचवीसचा कट्टा बांधून मोकळ्या, एक बिडी वाकडी नाही. नणंद म्हणते अव्वा नाटक करतात, सोयीचं तेवढं आठवतं. खरं सांगते, मलाही कधी कधी तसंच वाटतं.
(एक सून, अशोक चौक)

उत्तर: ताई, नाटक नाही. नणंदबाईंना हे पान वाचायला द्या.

आपण सगळ्याला 'आठवण' हा एकच शब्द वापरतो तिथंच घोळ होतो. सकाळी काय खाल्लं ते आठवणं वेगळं, सायकल चालवता येणं वेगळं, आणि मेंदूत त्यांची घरंही वेगवेगळी आहेत. हे कळलं ते एका माणसाच्या दुर्दैवामुळे. १९५३ साली अमेरिकेत हार्टफर्डला हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाचं ऑपरेशन झालं. त्याला वर्षानुवर्षं फिट यायच्या, औषधाला दाद देईनात, म्हणून विल्यम स्कोव्हिल या सर्जनने त्याच्या मेंदूतून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग आणि आजूबाजूचा काही भाग काढला. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानाच्या आतल्या अंगाला, खोलवर, समुद्रघोड्यासारखा वळलेला छोटा भाग, दोन्हीकडे एकेक. त्या काळी त्याचं काम कुणालाच नीट माहीत नव्हतं. फिट कमी झाल्या, पण त्या दिवसापासून हेन्रीच्या डोक्यात नवीन काही मुक्कामाला येईना. बुद्धी जागेवर, बोलणं जागेवर, लहानपणचं बरंचसं आठवायचं, पण समोरचा माणूस खोलीबाहेर जाऊन आला की पुन्हा पहिल्यापासून ओळख.

ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं: कागदावरची चांदणी गिरवायची, पण हाताकडे न बघता आरशात बघून. घरी करून बघा, हात उलटाच पळतो, चिडचिड होते. हेन्रीचा हात तीन दिवसांत सफाईदार झाला, आणि दर वेळी त्याचं म्हणणं एकच, हे मी कधी केलेलं नाही. म्हणजे हात शिकला पण शिकल्याची आठवण मात्र राहिली नाही. २००८ साली तो वारला तोवर पन्नासेक वर्षं त्याच्यावर अभ्यास चालला होता, आणि जगाला तो फक्त 'एच. एम.' या दोन अक्षरांनी माहीत होता, खरं नाव मेल्यावर बाहेर आलं.

आता अव्वांचे हात बघा. पान ओल्या फडक्यातून काढायचं, साचा ठेवून कात्री फिरवायची, शीर कुठून जाते त्याचा अंदाज घ्यायचा, चिमटीभर तंबाखू, अंगठ्याने वळ, तोंड मुडप, दोरा. दिवसाला पाचशेच धरा, वर्षाचे अडीचशे दिवस, चाळीस वर्षं. पन्नास लाख बिड्या झाल्या! हे काम हिप्पोकॅम्पसकडे नसतं, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँगलियाकडे आणि मागच्या लहान मेंदूकडे असतं. अल्झायमरमध्ये नुकसान बहुतेक वेळा हिप्पोकॅम्पसच्या आसपास सुरू होतं आणि हातवळणाची कामं पुष्कळ उशिरा जातात, म्हणून जेवलेलं विसरणारी बाई बिडी बिनचूक वळते. अव्वांना अल्झायमरच आहे असं मी इथं बसून म्हणणार नाही, पण चित्र त्या वळणाचं दिसतंय.

तुम्ही लिहिलं नाही, पण पैज लावतो, लग्नातलं, जुन्या मिलच्या भोंग्याचं सगळं त्या बरोबर सांगत असणार. आधी ताजं जातं, जुनं शेवटपर्यंत टिकतं, हे फ्रान्सच्या रिबोंनी १८८१ मध्येच लिहून ठेवलंय. आज त्याचं कारण असं मानतात की ताज्या आठवणीला हिप्पोकॅम्पसचा टेकू लागतो, वर्षं जातील तशी ती मेंदूच्या बाहेरच्या थरात पसरून मुरते आणि टेकूची गरज कमी होते (यावरही वाद आहेत, पण ते संशोधकांना घालू द्या).

आणखी एक गोष्ट, आणि ही नणंदबाईंना मुद्दाम सांगा. जिनिव्हाचे डॉक्टर क्लापारेद यांच्याकडे एक बाई पेशंट होती, तिला कालचं काही आठवायचं नाही. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं, टोचलं. नंतर तिला ना डॉक्टर आठवले ना टाचणी, पण हात पुढे केला की ती हात मागे घ्यायची, का ते सांगता येईना. १९११ मध्ये त्यांनी हे छापलं. (असला प्रयोग आज कुणी केला तर त्याला नोकरीवरून काढतील, ते बरोबरच आहे.) तेव्हा अव्वांना ओरडलात तर का ओरडलात ते त्या पाच मिनिटांत विसरतील, भीती मात्र राहील.

करायचं काय, तर आधी फिजिशियन किंवा न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. बी-ट्वेल्व्ह कमी असणं, थायरॉइड, काही झोपेच्या गोळ्या, डिप्रेशन यांनीही असं विसरायला होतं आणि ते बरंच सुधारता येतं, म्हणून 'वय झालं' म्हणून बसू नका. आणि एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, म्हाताऱ्या माणसात लघवीच्या इन्फेक्शननेसुद्धा तसं होतं. सूप काढून घेऊ नका. तंबाखूची धूळ नको, त्याऐवजी चहाचा वाळवलेला चोथा भरून वळू देत, नाहीतर कापूस द्या, देवाच्या वाती होतील. 'जेवले का' विचारलं की 'मघाशीच नाही का जेवलात' असं न म्हणता अर्धी केळी हातात ठेवा, शुगर असेल तर डॉक्टरांना विचारून.

प्रश्न: सर मी नीटची तयारी करतेय. बायोलॉजीचा एकेक चॅप्टर चार-चार वेळा वाचते, तीन रंगांचे हायलायटर संपवलेत, वाचताना सगळं येतं आणि पेपरात ब्लँक. रात्री जागून अजून एकदा वाचू का?
(जुळे सोलापूर)

उत्तर: नको, झोप. आणि हायलायटर धाकट्या भावाला रांगोळीसाठी दे.

'वाचताना सगळं येतं' हाच सापळा आहे गं. ओळखीचं वाटणं आणि आठवून काढता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, काहींनी तो चारदा वाचला, काहींनी एकदाच वाचून तीनदा पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर चारदा वाचणारे पुढे. आठवड्यानंतर विचारलं तर त्यांचं राहिलं होतं ४० टक्के आणि मिटून लिहिणाऱ्यांचं ६१. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी आहे का?

आठवण पक्की कशी होते हे एरिक कँडेल यांनी समुद्रातल्या एका गोगलगाईवर, अ‍ॅप्लिसियावर, शोधलं. तिच्यात वीसेक हजारच न्यूरॉन, म्हणजे मज्जापेशी, असतात आणि ते चांगले मोठे असतात म्हणून ती निवडली. थोडंसं शिकवलं तर दोन न्यूरॉनच्या जोडावर रसायन तेवढं जास्त सुटायला लागतं, ते लवकर ओसरतं. तेच मध्ये वेळ सोडून पुन्हा पुन्हा शिकवलं तर पेशीच्या केंद्रापर्यंत निरोप जातो, जीन सुरू होतात, नवी प्रोटीन्स बनतात आणि खरोखरीचे नवे जोड फुटतात. या कामाला २००० सालचं नोबेल मिळालं. नवे जोड फुटायला वेळ लागतो, एका रात्रीत चार वेळा वाचून तो मिळत नाही. म्हणून आज वाच, पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिही, परवा पुन्हा लिही, मग आठवड्याने. आणि झोपेत मेंदू रिकामा बसत नाही, उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसभर फिरताना ज्या पेशी एकत्र चालू होत्या त्याच रात्री झोपेत पुन्हा एकत्र चालू होतात हे १९९४ मध्ये दिसलंय. जागरण करशील तर ती उजळणीच कापशील.

प्रश्न: २२ वर्षं रिक्षा चालवतोय, स्टेशनच्या स्टँडवर. आख्खं गाव डोक्यात आहे, विजापूर नाक्यापासून बाळ्यापर्यंत. पोरगा आता माझी रिक्षा चालवतो, सारखा फोनमध्ये बघतो, मी म्हणतो का बे, डोकं कशाला दिलंय? तो म्हणतो पप्पा तुमचं डोकं मोठं आहे. खरंच मोठं होतं का?

उत्तर: डोकं नाही होत, पण पोराची चेष्टा अगदीच खोटी नाही. लंडनमध्ये टॅक्सीचं लायसन्स हवं असेल तर गावातले २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात, तीन-चार वर्षं जातात त्यात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली तिथल्या टॅक्सीवाल्यांचे मेंदू स्कॅन केले तर हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, आणि जितकी वर्षं टॅक्सी जास्त तितका तो मोठा. लोक म्हणाले, मुळातच मोठा असेल म्हणून टॅक्सीवाले झाले. मग त्यांनी नव्याने शिकणारी पोरं धरली, आधी स्कॅन, काही वर्षांनी पुन्हा स्कॅन, तर जे पास झाले त्यांच्यातच वाढ दिसली, नापास झालेल्यांत नाही. बस ड्रायव्हरमध्येही हा फरक मिळाला नाही, कारण बस रोज ठरलेल्या रस्त्यानेच जाते. मात्र टॅक्सीवाल्यांचा पुढचा भाग थोडा लहान निघाला, म्हणजे वरकमाई फुकटची नव्हती.

हिप्पोकॅम्पसमध्ये जागा ओळखणाऱ्या पेशीच असतात, जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरात सापडल्या, एक पेशी या कोपऱ्यात आलं की पेटते, दुसरी त्या. २०१४ चं नोबेल त्यावर, मोझर पती-पत्नीबरोबर वाटून. समजा तसंच तुमच्यात असेल तर सात रस्त्याला आलात की एक टोळी पेटते आणि कंबर तलावाशी दुसरी. फोनचं म्हणाल तर २०१७ मध्ये लंडनच्याच सोहो भागातल्या रस्त्यांवर लोकांना कॉम्प्युटरमधून फिरवून बघितलं, स्वतः रस्ता शोधताना चौक आला की हिप्पोकॅम्पस खडबडून जागा व्हायचा, 'डावीकडे वळा' असं सांगितलेलं असलं की गप्प. पोराला आठवड्यातून एक दिवस फोन खिशात ठेवून चालवायला सांगा. बाकीचे सहा दिवस बघू दे, पॅसेंजर तुमच्या दोघांच्या वादासाठी थांबत नसतो.

प्रश्न: १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा आणि ताई बारा वर्षांची. माझ्या डोळ्यासमोर आहे, आम्ही गच्चीवर झोपलो होतो आणि टाकीचं पाणी हिंदकळून माझ्या अंगावर आलं. ताई म्हणते आम्ही आत होतो, बाबांनी मला उचलून बाहेर आणलं. दोघंही देवाशपथ सांगतो. बाबा आता नाहीत. खरं कोणाचं?

उत्तर: कदाचित दोघांचंही नाही, रागावू नका.

ती पहाट आपल्या भागातल्या प्रत्येकाकडे आहे. ३० सप्टेंबर, चारच्या सुमाराला, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. किल्लारीकडे जवळपास दहा हजार माणसं गेली. अशा वेळी अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग हिप्पोकॅम्पसला दटावतो की हे पक्कं ठेव, म्हणून ती रात्र फोटोसारखी लख्ख वाटते. पण लख्ख म्हणजे खरी असं नसतं. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर यान हवेत फुटलं तेव्हा अमेरिकेत उलरिक नायसर यांनी दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठं कळली, कोण बरोबर होतं. अडीचेक वर्षांनी त्याच पोरांना पुन्हा विचारलं. कितीतरी जणांचं उत्तर साफ वेगळं, आणि खात्री मात्र पुरेपूर. मग त्यांच्याच अक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी काहींचं म्हणणं हेच की माझी आत्ताची आठवण खरी.

कारण आठवण कपाटात घडी घालून ठेवलेली चादर नाही, ती दर वेळी मागावर नव्याने विणली जाते. २००० मध्ये करीम नादेर आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांत दाखवलं की जुनी, मुरलेली भीतीची आठवण जागी केली की ती काही तास पुन्हा कच्ची होते, आणि त्या वेळी अमिग्डालामध्ये प्रोटीन बनणं औषधाने थांबवलं तर ती परत पक्की होतच नाही. माणसात सगळं इतकं सरळ नसतं, पण तुम्ही गेली तीस वर्षं चहावर, लग्नात, दर पावसाळ्यात ही गोष्ट सांगताय, तेवढ्या वेळा ती कच्ची झाली आणि ऐकलेलं, टीव्हीवर बघितलेलं, शेजारच्या पोराच्या टाकीचं पाणी, सगळं तिच्यात शिरलं असेल.

माझंच सांगतो. मी चार वर्षांचा असताना सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या जत्रेत, हरवलो होतो. पाळण्याजवळ उभा, निळा स्वेटर, नाकात भज्यांच्या तेलाचा वास, एका फुगेवाल्याने खांद्यावर घेतलं आणि वरून मला आईचं हिरवं लुगडं दिसलं. हा किस्सा मी वर्गात पंचवीस वर्षं सांगितला, आठवण कशी टिकते याचा नमुना म्हणून! पाचेक वर्षांपूर्वी आईसमोर सांगायला लागलो तर ती म्हणाली, अरे तू कुठं हरवलास, हरवला तो दादा, तू माझ्या कडेवर होतास. दादाला फोन केला, तो म्हणाला हो, मीच की, आणि फुगेवाला नव्हता, पोलीस होता. मला तो वास आजही येतो. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये लोकांना 'लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होतात' असा घरच्यांच्या नावाने बनवलेला किस्सा वाचायला दिला, तर साधारण चौघांतल्या एकाला तो थोडाफार आठवायला लागला. त्या लोकांना हसावं अशी माझी परिस्थिती उरलेली नाही.

तुमच्या गच्चीचं एवढंच सुचवतो, त्या वेळचे शेजारी असतील तर दोघांनी वेगवेगळं जाऊन विचारा, एकमेकांसमोर नको. आणि जाण्याआधी आपापलं कागदावर लिहून ठेवा, नाहीतर परत येईपर्यंत आणखी बदलेल.

प्रश्न: बदाम, ब्राह्मी, अक्रोड, नक्की काय खाल्लं की स्मरणशक्ती वाढते?

उत्तर: बदाम चांगलेच आहेत, आपल्या शेंगाही चांगल्या आहेत, पण खाल्लं आणि पाढे पाठ झाले असं काही नाही. खाण्यापेक्षा चालण्याचा पुरावा बरा आहे. अमेरिकेतल्या १२० वयस्कर लोकांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा भराभर चालायला लावलं, निम्म्यांना नुसतं स्ट्रेचिंग. २०११ मध्ये निकाल छापला, चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला, दुसऱ्यांचा घटलेला. पुढच्या सगळ्या अभ्यासांत एवढा स्वच्छ आकडा मिळाला नाही, तरी चाला. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी सातच्या आत.

प्रश्न: सर, तुम्ही स्वतः काय विसरता?

उत्तर: नावं. चेहरा आठवतो, कुठल्या बाकावर बसायचा ते आठवतं, बापाचं दुकान कुठलं ते आठवतं, नाव नाही. यावर एक मजेशीर प्रयोग आहे. लोकांना चेहरे दाखवून एकाला सांगितलं हा धंद्याने बेकर, दुसऱ्याला सांगितलं याचं आडनाव बेकर. नंतर धंदा पुष्कळांना आठवला, आडनाव आठवेना, शब्द तोच असून. आपल्याकडे सुतार घ्या. सुतारकाम करणारा म्हटलं की रंधा, भुसा, कानावर पेन्सिल, दहा धागे जोडले जातात आणि त्यातला एक ओढला तरी माणूस वर येतो. नुसत्या सुतार आडनावाला कशाचाच धागा नाही, तो बँकेत कॅशियरसुद्धा असेल.

गेल्या आठवड्यात नवी पेठेत एकजण वाकून पाया पडला. जुना विद्यार्थी, चेहरा पक्का ओळखीचा. मी धागा शोधला, लाकूड, हत्यारं, काहीतरी कारागिरीचं आडनाव हे नक्की, आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "काय लोहार, कसं चाललंय?" तो म्हणाला, "सर, लोहार माझ्या शेजारी बसायचा. मी सुतार." बँकेतच आहे.